स्नानगृहाचे दार: आत की बाहेर?

नवे घर सजविताना देवघर कोणत्या दिशेस असावे, तिजोरी कोणत्या भिंतीस लागावी, स्वयंपाकघरात गाळलेल्या पाण्याची मांडणी कोठे असावी, यावर आपल्या कुटुंबांत आठवडेच्या आठवडे विचारविनिमय चालतो. शॉवरच्या काचेचे दार कोणत्या बाजूस उघडावे, हा प्रश्न मात्र बहुधा कारागिराच्या मर्जीवर सोपविला जातो आणि तो आपल्या सोयीने बिजागरी ठोकून मोकळा होतो.

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसाराचा व्यापार असलेल्या एका कुटुंबाने हा प्रश्न असा सोडून दिला नाही. त्याला कारण घडले होते. मागील पर्युषणात घरच्या धाकट्या सूनबाईंची अठ्ठाई चालू होती. सातव्या दिवशी पूजेसाठी स्नान करताना त्यांना भोवळ आली आणि त्या दाराला टेकूनच खाली बसल्या. दार आत उघडणारे, आतून कडी लावलेली. बाहेरून ढकलावे तर दाराचा सारा भार त्यांच्याच अंगावर येणार. दार पीव्हीसीचे होते म्हणून त्याचा वरचा भाग कापून कडी काढता आली आणि धाकट्या दीराला आत उतरता आले. सूनबाई सुखरूप राहिल्या, पारणेही यथास्थित झाले. परंतु ती पंधरा मिनिटे घरातील कोणीही विसरले नाही.

यंदा त्या स्नानगृहाचे नूतनीकरण निघाले. जागा आठ फूट लांब व पाच फूट रुंद. प्रवेशाशी बेसिन, मग कमोड, आणि पलीकडच्या टोकाचे तीन फूट शॉवरसाठी. पाच फुटांच्या रुंदीत पावणेतीन फुटांची स्थिर काच आणि सव्वादोन फुटांचे दार, असा आराखडा कारागिराने मांडला. दार आत उघडावे, म्हणजे काचेवरून निथळणारे पाणी आतच पडेल, असे त्याचे म्हणणे. त्यात तथ्य होते. पण तीन फुटांच्या जागेत सव्वादोन फुटांचे दार आत आले तर माणसाने उभे राहायचे कोठे? आणि कोणी पडले तर मागच्या वर्षीचाच प्रसंग, या वेळी काचेसह.

काच कापून आत शिरण्याची सोय नसते. स्नानगृहात वापरावयाची टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही की भोकही पाडता येत नाही. फुटली तर तिचे बोथट बारीक तुकडे होतात, हीच तिची सुरक्षितता. पण आतील व्यक्तीच्या अंगावर काच फोडण्याचा विचार कोण करील? वजनही लहानसहान नव्हे. आठ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला वीस किलो भरते. सव्वादोन फूट रुंद व साडेसहा फूट उंच दार म्हणजे सुमारे २७ किलो, साखरेच्या अर्ध्या पोत्याहून थोडे अधिकच.

केंद्र सरकारच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही दिव्यांगांसाठीच्या प्रसाधनगृहाचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, असे सांगितले आहे. सरकत्या दाराचा पर्याय थोरल्या सूनबाईंना पसंत नव्हता. त्याच्या खालच्या खाचेत साबणाचे पाणी साचते, शेवाळ धरते. शेवाळ म्हणजे अनंतकाय. रोज ते खरवडून काढण्यापेक्षा ते उत्पन्नच होऊ नये, हीच खरी जयणा. (वरून टांगलेल्या सरकत्या दारांत हा दोष कमी असतो, परंतु त्याला सरकण्यास पुरेशी स्थिर काच लागते आणि वाट अरुंद होते.)

दोन्ही बाजूंस उघडणारी बिजागरीही मिळते. दार आत ढकलून निथळू द्यावे, अडचणीत बाहेर ओढावे. ती जवळजवळ ठरलीच होती. पण मिक्सर ज्या भिंतीवर घ्यायचा त्याच भिंतीला बिजागरी येत होती, आणि आत वळलेली काच मिक्सरवर आदळली असती. मिक्सर हलविणे कोणाच्या मनास येईना, कारण दार उघडताच बाहेरून हात घालून पाणी सुरू करता येते, थंड पाणी अंगावर घ्यावे लागत नाही, हा लाभ मोठा होता. शॉवरचा झोतही त्या भिंतीवरून काचेला समांतर जातो, दाराच्या फटीवर पडत नाही.

अखेर दार केवळ बाहेर उघडणारे ठरले, कमोडच्या समोरच्या भिंतीला बिजागरी घेऊन. कमोड भिंतीपासून सव्वादोन फूट पुढे येतो. पाचांतून तेवढे वजा जाता पावणेतीन फूट वाट उरते आणि दार त्यात अडत नाही. राहिला प्रश्न निथळणाऱ्या पाण्याचा. त्यासाठी बाहेरची फरशीही शॉवरच्याच दिशेने उतरती घेण्यात आली, सव्वादोन फुटांत पाव इंच. दार उघडताना ते चढाला घासू नये म्हणून खाली अर्धा इंच फट ठेवून मऊ पट्टी लावण्याचे ठरले. उंबरा घेतला नाही. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर.

टाइल लावण्यापूर्वी भिंतीतील पाइपांची छायाचित्रे मापपट्टी धरून काढली गेली, कारण बिजागरीची भोके त्याच भिंतीत पडणार होती. काचेचे माप मात्र टाइल बसल्यावरच दिले. मुख्य दाराची कडी काढून, बाहेरून नाणे फिरवून उघडता येईल असे कुलूप बसविले. याला खर्च सर्वांत कमी आला, आणि जुन्या घरातही हे आजच करता येण्यासारखे आहे.

काचेची मागणी नोंदविण्याच्या आदल्या दिवशी थोरल्या भावाने सव्वादोन फूट सुतळीला खडू बांधून फरशीवर दाराची कमान आखली. सासूबाई त्यातून आत गेल्या, बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले, "माझी बादली कोठे राहणार?" घरात शॉवर आला तरी त्या एका बादलीतच स्नान आटोपतात. बादली नेमकी कमानीच्या आत येत होती. नळ एक फूट पलीकडे घेण्यात आला.