कापरेकर मास्तरांची सात पावलं

गेल्या रविवारी संध्याकाळची गोष्ट. गॅसवर कुकर, एका बाजूला पोह्यांसाठी फोडणी, आणि टेबलाशी आमची पाचवीतली लेक वजाबाकीची वही पुढ्यात घेऊन मुसमुसत बसलेली. तेवढ्यात तिच्या आजीचा फोन आला. लेक नाक ओढत म्हणाली, "अगं आजी, मला नाही येणार गणित. आईला तरी कुठे येत होतं!"

माझा हात तसाच थांबला. मोहरी करपली. कारण हे वाक्य तिचं नव्हतंच, माझंच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर हसत हसत मी ते कितीदा तरी म्हटलं होतं. दहावीनंतर गणित सुटलं तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी होते! मग बी. ए. झाले, आणि आता एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. तसं पाहिलं तर दुधाचे खाडे, भिशीचा हिशेब, दहा माणसांच्या भाजीचं प्रमाण हे सगळं तोंडीच करते. पण त्याला आपण बायका गणित म्हणत नाही ना! आणि ही जी भीती, ती मात्र आपण पोरींच्या पदरात अलगद टाकून मोकळ्या होतो.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर मला माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. आता त्या नाहीत. एकदा ऑफ तासाला त्या वर्गावर आल्या आणि फळ्यावर एकच आकडा लिहिला, ६१७४. म्हणाल्या, "हा आकडा आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा. जगात कुठेही जा, त्यांच्याच नावानं ओळखतात." मग त्यांनी आम्हाला एक खेळ शिकवला. माझ्या सगळ्या शालेय गणितातला आनंदाचा असा तो एकच तास.

कोण होते हे मास्तर? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली, वडिलांनी वाढवलं. वडील कारकून, पण ज्योतिषाचा भारी नाद. त्यातूनच मुलाला आकड्यांची गोडी लागली. ठाण्याला शाळा, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ साली पदवी. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षं, ते देवळालीला शाळामास्तर होते. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. हाताशी कागद, पेन्सिल आणि आकडे, एवढंच.

आणि आकड्यांना त्यांनी नावं तरी काय गोड ठेवावीत! ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, ती 'हर्षद' संख्या. ८४ घ्या. आठ आणि चार बारा, आणि बारा सत्ते चौऱ्याऐंशी. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. १२ मध्ये ३ मिळवले की १५. पण २० ही संख्या अशी कुणाच्याच पोटी येत नाही, म्हणून ती 'स्वयंभू'. त्र्यंबकेश्वराच्या जिल्ह्यातल्या मास्तरांनी दुसरं कुठलं नाव दिलं असतं, सांगा! याच संख्यांना 'देवळाली संख्या' असंही म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि वीस अधिक पंचवीस पुन्हा पंचेचाळीस. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.

हे सगळं सहज झालं असं मात्र नाही. हे काय पोरखेळ, म्हणून आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांनी ते हसण्यावारी नेलं. मास्तर आपले लेख छोट्या पुस्तिकांच्या रूपानं स्वतःच छापून घेत. शेवटी मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जग वळून बघू लागलं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्याआधी १९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून त्या वयात मास्तर गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी त्या माउलीच आल्या. आकड्यांत रमलेल्या माणसाबरोबर संसार करणं काय असतं, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको! १९८६ साली मास्तरही गेले.

तर त्या रात्री मी लेकीला जवळ बसवलं. म्हटलं, "आज अभ्यास नाही, एक गंमत करू. मास्तरांचं जन्मवर्ष लिही, १९०५." खेळ असा की चारही अंक आधी मोठ्याकडून लहानाकडे लिहायचे, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करायची. उत्तर येईल त्याच्याशी पुन्हा तेच.

९५१० वजा ०१५९, आले ९३५१. मग ८१७२. पुढच्या वजाबाकीत हातचा चुकला. एरवी मी ओरडले असते. या वेळी म्हटलं, "माझंही काहीतरी चुकतंय बहुतेक, परत करू या." आले ७४४३. मग ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या खेपेला ६१७४. "आता यांनाच परत वजा कर," मी म्हटलं. ७६४१ वजा १४६७... लेक ओरडलीच, "आई, पुन्हा तेच आलं!"

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पावलांत ६१७४ वर येऊन थांबते. मास्तरांनी ही गोष्ट १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. त्यांच्या स्वतःच्या जन्मवर्षाला नेमकी सातच पावलं लागतात, जणू सप्तपदीच! मग आम्ही १९८६ घेतलं. पहिल्याच वजाबाकीत ८१७२ आले, म्हणजे तीच मघाची वाट. जन्माचं साल आणि मृत्यूचं साल एकाच रस्त्याला लागून एकाच घरी पोचलेलं बघताना मला भरून आलं. लेकीला त्याचं काही नव्हतं. ती पेन्सिल चावत विचारत होती, "आई, पण चारही अंक सारखे असले तर?"

मी म्हटलं, "करून बघ." ११११ वजा ११११, शून्य! तेवढा एकच अपवाद मास्तरांच्या नियमाला आहे, आणि तो माझ्या 'गणित न येणाऱ्या' मुलीनं कुणी न सांगता शोधला होता.

मैत्रिणींनो, गृहपाठातल्या चुका तिच्या अजूनही होतात. हातचा विसरते, रडतेही. पण "मला गणित येत नाही" हे वाक्य मी आमच्या घरातून हद्दपार केलं आहे, आधी माझ्या तोंडून. तुम्हीही आज रात्री ओटा आवरून झाला की वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे तुमच्या लग्नाचं साल लिहा आणि वजाबाकी करायला बसा. मुलांना शेजारी घ्या. हातचा चुकला तर चुकू दे. मास्तर घरी येईपर्यंत थांबायचं नाही!