टाक्यांची होडी

पळसाचं नुसतं पान घ्या आणि त्यावर आमटी वाढा. वाहून जाईल. तेच पान दुमडून दोन-चार ठिकाणी काडी टोचा, झाला द्रोण! पान तेच, जाडी तीच. मग ही ताकद आली कुठून? ते एकदा कळलं की पडवीत बसून शिडाची होडी कशी बांधतात, तेही कळतं.

गोष्ट 1963 सालची, इंग्लंडमधली. शिडाची होडी ही पैसेवाल्यांचीच चैन का असावी, असं 'डेली मिरर' या वर्तमानपत्राला वाटलं. होड्यांची आरेखनं करणारे जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांनी मिळून 'मिरर' डिंगी घडवली. (डिंगी म्हणजे छोटी होडी; हा शब्द इंग्रजांनी उचलला तो आपल्याकडूनच!) किंमत 63 पौंड 11 शिलिंग. कापून तयार केलेलं प्लायवूड घरी यायचं आणि जन्मात रंधा न धरलेली माणसं होडी बांधायला बसायची. अशा 70,000 हून अधिक होड्या झाल्या.

होडी म्हटली की आधी कणा, मग फासळ्या, मग त्यांवर वाकवून ठोकलेल्या फळ्या. सुताराचा जन्म जातो त्यात. इथे मात्र आधी सांगाडा उभा करायचाच नाही! मग आकार येतो कुठून?

शिंप्याच्या टेबलावरचे ब्लाउजचे तुकडे आठवा. सगळे सपाट. पण बाहीची गोलाई काखेच्या गोलाईला शिवली की कापड आपोआप खांद्यासारखं फुगतं. प्लायवूडचंही तसंच. होडीचा आकार लपलेला असतो तो कापलेल्या कडांच्या वळणात. कडेजवळ बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेचे तुकडे ओवायचे आणि पक्कडीनं पिळत जायचं. एकेका पिळाबरोबर कडा जवळ येतात, फळ्या कुरकुरतात, वाकतात आणि जमिनीवर पडलेली लाकडं बघता बघता होडी होऊन उठतात. हे पाहताना अंगावर काटा येतो, खरंच.

बरं, प्लायवूड वाकतं ते एकाच दिशेला. पोस्टकार्डाची नळी होते. चेंडूला गुंडाळायला गेलात तर चुण्या. पण हाच हट्टीपणा कामाला येतो. कागद एका कडेला धरला तर मान टाकतो. त्याला जरासा बाक द्या, ताठ उभा राहतो. म्हणून तर जेमतेम 5 मिलिमीटरचं प्लायवूड समुद्राच्या थपडा सोसतं आणि 3.3 मीटर लांबीच्या होडीचं नुसतं अंग भरतं साधारण 45 किलो.

टाके घालून झाले की आतून सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. ते कडक झालं की बाहेर आलेल्या तारा छाटायच्या, बाहेरूनही पट्टी. तारेचं काम संपलं! आपल्याकडच्या जुन्या शिवलेल्या जहाजांत मात्र काथ्याचे टाके जन्मभर राहत. अजिंठ्यातलं एक चित्र समोर ठेवून गोव्यात असंच शिवलेलं 'कौंडिण्य' 2025 मध्ये नौदलात दाखल झालं.

'मिरर'मधली मला सर्वांत आवडणारी गंमत अजून राहिलीच. तिच्या कडेच्या बंद पेट्यांत नुसती हवा. त्या होडीला ताठ ठेवतात, उलटली तर बुडू देत नाहीत आणि एरवी त्यांवर बसायचं! डोलकाठीही मुद्दाम आखूड, वर सरकवायचा दुसरा दांडा जोडून उंच होणारी. सगळे दांडे होडीच्या पोटात मावतात आणि होडी मोटारीच्या टपावर.

करून पाहायचं असेल तर आधी पुठ्ठ्याची एक वीतभर होडी कापा आणि सुईदोऱ्यानं शिवा. खरीला हात घालाल तेव्हा मात्र घराचं दार आणि जिन्याचं वळण मोजून घ्या. होडी लिफ्टमधून उतरत नाही.