अ‍ॅनाकोंडाची काळी वाळू

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात अ‍ॅनाकोंडा नावाचं जेमतेम नऊ-दहा हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या गोल्फच्या मैदानातले वाळूचे खड्डे काळेभोर आहेत. चेंडू अडवायला ठेवलेल्या अशा खड्ड्यांत एरवी पांढरी किंवा पिवळसर वाळू असते. इथे आहे ती तांबं गाळून मागे राहिलेली, काचेसारखी कडक मळी, बारीक केलेली. मैदान आखलं जॅक निकलस या गोल्फमधल्या दिग्गजाने. 1997 साली खुलं झालेलं हे मैदान तांब्याच्या जुन्या भट्ट्यांच्या जागेवर आहे आणि त्या भट्ट्यांचा विषारी कचरा आजही हिरवळीखालीच आहे. तो काढून नेलेला नाही, नष्टही केलेला नाही. तरी वर माणसं निर्धास्त खेळतात. हे कसं जमलं, हे समजून घेताना मला तरी विषाकडे बघण्याची एक वेगळीच दृष्टी मिळाली.

गाव वसवलं मार्कस डेली या खाणमालकाने, 1883 साली. जवळच्या ब्यूट शहरातल्या खाणींतून तांब्याचं खनिज यायचं आणि इथे गाळलं जायचं. त्या खनिजात तांब्याला गंधक आणि आर्सेनिक चिकटलेलं असतं. भट्टीत तापवलं की आर्सेनिकची वाफ होते, धुराबरोबर वर जाते आणि गार होताच तिची पांढरी भुकटी बनते. हाच सोमल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची गुरं मरू लागली आणि ते कोर्टात गेले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कंपनीने 585 फूट उंचीचं विटांचं धुरांडं उभारलं. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी आत मावतील, एवढं ते मोठं आहे. ते आजही उभं आहे. एवढ्या उंचीवरून सोडलेला धूर विरळ होतो खरा, पण पसरतोही तितकाच दूर. पुढे तपासणीखाली आलेलं क्षेत्र सुमारे 300 चौरस मैलांचं निघालं.

1977 मध्ये अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीने हा सगळा कारभार विकत घेतला आणि सप्टेंबर 1980 मध्ये भट्टी बंद केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत ‘सुपरफंड’ कायदा झाला. जागेचा आजचा मालक जुन्या मालकाच्या प्रदूषणालाही जबाबदार, असं हा कायदा सांगतो. तीन वर्षं भट्टी चालवलेल्या कंपनीवर जवळपास शतकभराची माती निस्तरायची जबाबदारी आली. 1983 मध्ये अ‍ॅनाकोंडा त्या कायद्याच्या यादीत गेलं.

अशा जागेची तपासणी कुदळीने सुरू होत नाही, ती कागदांपासून सुरू होते. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, कारखान्याचे आराखडे, निवृत्त कामगारांच्या आठवणी, हे सगळं आधी गोळा करतात. टाकी कुठे होती, गाळ कुठे ओतायचे, वारा कुठल्या बाजूचा, हे कळल्याशिवाय नमुना कुठून घ्यायचा ते ठरत नाही. मग जमिनीवर चौकटी आखून मातीचे नमुने घेतात, थराथराने. इथे माती स्वतःच बोलू लागते. धुरांड्यातून पडलेलं विष वरच्या काही इंचांत सापडतं, ओतलेला गाळ मात्र खोलवर गेलेला असतो. विष किती खोलवर आहे यावरून ते आलं कसं, याचा माग लागतो. त्याशिवाय विहिरी खणून भूजल किती बिघडलंय तेही पाहावं लागतं.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. मातीत आर्सेनिक आहे, एवढ्याने धोका ठरत नाही. विष, त्याची वाट आणि त्या वाटेच्या टोकाला असलेला माणूस, ही तिन्ही जुळली तरच धोका. भट्टीजवळच्या मिल क्रीक वस्तीत ही वाट फार आखूड होती. मुलं अंगणात खेळायची आणि मातीचे हात तोंडात घालायची. त्यांच्या लघवीत आर्सेनिक जास्त सापडलं आणि 1980च्या दशकातच ती वस्ती उठवावी लागली. पोटात गेलेल्या मातीतलं सगळं आर्सेनिक रक्तात उतरतं का, हे पाहायला शास्त्रज्ञांनी अ‍ॅनाकोंडाची माती माकडांना खाऊ घातली. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकपेक्षा मातीतलं बरंच कमी शोषलं जातं, असं दिसलं.

अशा हिशोबातून मर्यादा ठरल्या. घराच्या अंगणात किलोभर मातीत 250 मिलिग्रॅम आर्सेनिक, दुकान-कारखान्याच्या जागेत 500, खेळाच्या आणि मोकळ्या हवेत फिरायच्या जागेत 1000. माती तीच, विष तेच, तरी आकडा चौपट. कारण लहान मूल अंगणात रोज रांगतं आणि गोल्फ खेळणारा माणूस आठवड्यात चार तास येऊन जातो. म्हणजे जमिनीचा वापर ठरवणं हाच तिच्या उपचाराचा भाग झाला. यात पळवाट आहे असा आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. महागडी सफाई टाळायला सैल आकड्याचा वापर निवडता येतोच. पण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. ते जाळून संपत नाही, कुजूनही जात नाही. ते एका जागेवरून दुसरीकडे नेता येतं किंवा त्याची वाट बंद करता येते, एवढंच.

अ‍ॅनाकोंडात दोन्ही झालं. मर्यादा ओलांडलेल्या अंगणांची माती काढून नवी भरली. उजाड झालेली जमीन खोल नांगरून, चुना मिसळून तिचं आम्ल मारलं आणि गवत पेरलं. गवताने धरलेली माती वाऱ्याने उडत नाही. जुन्या भट्ट्यांच्या जागेवर चुनखडीचा थर, त्यावर स्वच्छ माती आणि त्यावर ते मैदान. घरांच्या माळ्यांवर साठलेली धूळही काढावी लागते, कारण छताच्या दुरुस्तीत ती खाली येते. आणि ज्या मातीखाली कचरा राहिला आहे तिथे खणण्याआधी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या हातून ते झाकण चुकून उघडलं जात नाही. काम मोठं आहे. उरलेल्या सफाईसाठी सरकार आणि कंपनी यांच्यातला करार जाहीर झाला तो 2022 मध्ये.

भारतात केंद्र सरकारने प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम काढले ते जुलै 2025 मध्ये. संशयित जागांची यादी, प्राथमिक तपासणी, मग सविस्तर तपासणी आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून, असा त्यांचा क्रम आहे. आपल्या लहान शहरांत बंद कारखान्याच्या जागेवर फ्लॅटची पाटी लागते, तेव्हा नमुने कुठल्या नकाशावरून आणि किती खोलीवरून घेतले, हे विचारायला हवं. आणि माती ‘स्वच्छ’ म्हटली ती अंगणाच्या आकड्याने की गोदामाच्या, हेही.