आउटबोर्ड इंजिनाचा टॅकोमीटर

आउटबोर्ड इंजिनाचा टॅकोमीटर हे होडीच्या मागील फळीवर बसवलेल्या इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे दाखवणारे उपकरण आहे. डहाणू खाडी आणि तलासरी तालुक्यातील झाई या किनाऱ्यावर मोठ्या मासेमारी नौकांची डिझेल इंजिने नौकेच्या पोटात असतात. लहान होडीला मात्र आउटबोर्ड इंजिन सोयीचे पडते. असे जुने इंजिन हात बदलत येते, तेव्हा त्याचा मूळ मीटर बहुधा नाहीसा झालेला किंवा बंद पडलेला असतो.

निवड

बहुतेक आउटबोर्ड इंजिनांत मीटरला संकेत फ्लायव्हीलखालच्या चार्जिंग कॉइलमधून मिळतो. फ्लायव्हीलच्या चुंबकांना १२ ध्रुव असल्यास एका फेऱ्यात ६ स्पंद निर्माण होतात, १० असल्यास ५. मीटरच्या पाठीवरील निवडबटण त्यानुसार ठेवावे लागते. बटणावरील आकडा ध्रुवांचा आहे की स्पंदांचा, हे माहितीपत्रकात पाहणे आवश्यक असते; गफलत बहुधा इथेच होते. १० ध्रुवांच्या इंजिनाला १२ ध्रुवांची मांडणी दिली, तर प्रत्यक्ष फेरे ६,००० असताना काटा ५,००० दाखवतो. चालक निर्धास्त राहतो आणि इंजिन मर्यादेबाहेर पळत राहते. उलट चुकीत ५,००० फेरे ६,००० भासतात. मग मालक विनाकारण अधिक पिचचा पंखा बसवतो आणि इंजिन ओझ्याखाली दबते.

प्रज्वलन कॉइलवरून मोजणारा मोटारीचा मीटर चार्जिंग कॉइलच्या तारेवर खरे फेरे दाखवत नाही. केवळ संगणकीय जाळ्यातून माहिती घेणारे नवे डिजिटल मीटरही जुन्या इंजिनाला निरुपयोगी आहेत. चार्जिंग कॉइलच नसलेल्या, दोरीने सुरू होणाऱ्या इंजिनासाठी स्पार्क प्लगच्या तारेभोवती वायर गुंडाळून मोजणारा, स्वतःची बॅटरी असलेला मीटर उपयोगी पडतो.

जोडणी

मीटरला मुख्यतः तीन तारा असतात: चावीच्या स्विचमधून येणारा १२ व्होल्टचा धन, ऋण आणि संकेत. जॉन्सन व एव्हिनरूड इंजिनांत संकेताची तार सहसा राखाडी आणि धन जांभळी असते. यामाहात संकेत हिरव्या, तर धन पिवळ्या तारेतून येतो. जुन्या इंजिनात तारा बदललेल्या असण्याचा संभव असल्याने केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे ठरते. संकेत रेक्टिफायरच्या आधीच्या, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या बाजूने घेतात. बॅटरीच्या बाजूला तार जोडल्यास काटा हलत नाही. चालू मीटर अचानक शून्यावर आला, तर तो बदलण्यापूर्वी रेक्टिफायर तपासणे श्रेयस्कर. धनाच्या तारेत फ्यूज असावा, आणि खाऱ्या हवेत कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार अधिक टिकते.

जोडणीनंतर प्लगच्या तारेवरील मीटरशी वाचन ताडून पाहतात. पूर्ण वेगाची चाचणी नेहमीच्या भारासह घेतली जाते, कारण रिकामी होडी जाळी व मासळी भरलेल्या होडीपेक्षा अधिक फेरे दाखवते.