तंबाखूचा सारा

मासिकाच्या गेल्या कांहीं अंकांत बियाण्याची निवड, खतांच्या मात्रा, ठिबकाचें पाणी अशा विषयांवर जाणत्या मंडळींचे लेख आले. प्रस्तुत लेखक शेतकीशास्त्रांतील जाणता नव्हे. महसूल खात्यांत पस्तीस वर्षें कारकुनी केली, आणि त्यांतील बराच काळ तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत जुन्या सातबाऱ्यांच्या व फेरफारांच्या नकला देण्यांत गेला. तेव्हां पिकाविषयीं कांहीं सांगण्याचा अधिकार मजपाशीं नाहीं. परंतु जमीन एका नांवावरून दुसऱ्या नांवावर कशी जाते, हें मीं पुष्कळ पाहिलें आहे. त्या अनुभवाच्या आधारें तंबाखूविषयीं चार शब्द लिहीत आहें.

फेरफाराच्या नोंदींत खरेदीखताची तारीख असते, क्षेत्र असतें, घेणाराचें व देणाराचें नांव असतें. जमीन कां विकली, हें लिहिण्यास तेथें रकाना नाहीं. पण नक्कल तयार होईपर्यंत बांकावर बसलेला मनुष्य आपण होऊनच तें सांगून टाकतो. मुलीचें लग्न, थकलेलें कर्ज, भाऊबंदकीचा तंटा आणि घरांतील आजारपण, ही नेहमींचीं कारणें. आजारपणाचें कारण सांगणारांत पुढें पुढें "तोंडाचा कॅन्सर" हे शब्द माझ्या कानीं वारंवार पडूं लागले.

त्यांतील एक प्रसंग सांगतों. २०१४ सालच्या उन्हाळ्यांत जवळच्या गांवचे एक बागायतदार आले. वय सेहेचाळीस. माझ्या चांगल्या ओळखीचे, गप्पिष्ट गृहस्थ. त्या दिवशीं मात्र तोंडावर रुमाल धरलेला. बोलतां येईना म्हणून त्यांनीं चिठीवर गट नंबर लिहून पुढें केला. विहिरीलगतचें सव्वा एकर क्षेत्र होतें तें; त्यांच्या वडिलांनीं ती विहीर खणविली त्या वेळची नोंदही आमच्याच दप्तरांत होती. मीं नक्कल काढली, शिक्का मारला, आणि सही करण्यापूर्वीं खिडकीबाहेर जाऊन तोंडांतला बार थुंकून आलों. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांनीं चिठी परत ओढून घेतली, तिच्यावर आणखी एक ओळ लिहिली आणि निघून गेले. ती ओळ अशी होती: "भाऊसाहेब, माझेंही असेंच होतें."

दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी वारसाची नोंद झाली कीं नाहीं, हें पाहण्यास कचेरींत आल्या.

तंबाखू ही आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेली वस्तु आहे, तिनें काय होतें, असें पुष्कळ जण म्हणतात. पण ही वनस्पति मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांनीं ती आपल्याकडे आणली. सोळाशें चारच्या सुमारास असद बेग यानें विजापुराहून तंबाखू नेऊन अकबर बादशहास नजर केली, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे, आणि पुढें १६१७ सालीं जहांगिरानें तिच्या सेवनास मनाई केली. म्हणजे या पाहुणीस येऊन सवाचारशें वर्षांहून फार अधिक काळ लोटलेला नाहीं, आणि ती येतांच तिच्याविषयीं तक्रारही सुरू झालेली दिसते.

आपल्या प्रांतांत ओढण्यापेक्षां चघळण्याचा प्रघात अधिक. २०१६-१७ सालीं झालेल्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत धूर न काढतां खाणारे वा लावणारे शेंकडा २४.४ होते, आणि विडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८. (कांहीं जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाहीं.) खाण्यांत धूर नाहीं, म्हणून धोका नाहीं, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. तळहातावर तंबाखू चुन्याबरोबर मळतात, त्यामागें एक कारण आहे. चुन्यानें लाळेचा क्षारपणा वाढतो आणि तंबाखूंतील निकोटीन गालाच्या आंतील नाजूक त्वचेंतून झपाट्यानें रक्तांत उतरतें. हीच ती 'तार'. परंतु निकोटीन हें केवळ ओढ लावणारें द्रव्य. खरा घात त्याच्याबरोबर येणाऱ्या नायट्रोसामाईनसारख्या द्रव्यांनीं होतो. हीं द्रव्यें पान वाळवितांना व मुरवितांना तयार होतात. खाण्याच्या तंबाखूंत कर्करोग उत्पन्न करणारीं निदान अठ्ठावीस द्रव्यें आढळलीं आहेत. बार ज्या गालांत धरावा, त्याच गालांत बहुधा पांढरा चट्टा उठतो, तो यामुळेंच. विडीची गोष्ट याहून वेगळी नाहीं. तिला कागद नाहीं, टेंभुर्णीचें पान आहे, म्हणून ती सौम्य, असें समजतात. ती वारंवार विझूं पाहते, म्हणून ओढणारा जोरानें झुरके घेतो आणि विषारी धूर छातींत खोलवर जातो. हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग, दमा हीं तिचीं फळें. क्षयरोग्यास तर ती फारच बाधते.

मिश्रीचा उल्लेख निराळा केला पाहिजे, कारण पुरुष मंडळी तिला व्यसनांत धरीतच नाहींत. तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड करावी आणि सकाळीं दांतांस लावावी, ही आपल्या घरोघरची रीत. सासूची पाहून सून लावते. सुनेची पाहून नात लावते. मग सकाळची एक वेळ संपून दुपारची व रात्रीची सुरू होते, आणि ती न मिळाली तर डोकें दुखतें. गरोदर स्त्रीनें अशी तंबाखू लावली असतां मूल कमी वजनाचें किंवा अपुऱ्या दिवसांचें जन्मास येण्याचा संभव वाढतो. गाभण गाईला काय घालावें, काय घालूं नये, याची काळजी आपण करतों; घरांतील सुनेच्या मिश्रीच्या डबीकडे मात्र कोणी पाहत नाहीं, आणि यांत मी माझें स्वतःचें घर वगळीत नाहीं.

आतां माझ्या धंद्याचा विषय, म्हणजे हिशेब. शेतसाऱ्याची बाकी राहिली तर आमची कचेरी नोटीस काढते आणि भरणा केल्यावर पावती देते. तंबाखूचा सारा मात्र शेतकरी रोज, आगाऊ आणि विनातक्रार भरतो. त्याची पावती नाहीं कीं खातें नाहीं. दिवसाचे वीस रुपये धरूं. वर्षाचे ७,३०० झाले. एक लाखाच्या कर्जावर दरसाल दरशेंकडा सात प्रमाणें व्याज होतें ७,०००. त्या व्याजासाठीं आपण सोसायटीच्या सचिवाशीं भांडतों, मोर्चे नेतों, आणि तें रास्तही आहे. पण त्याहून तीनशें रुपये अधिक देणारी ही कोपऱ्यावरच्या टपरीची उधारी आपल्या ध्यानींही नसते. वीस वर्षांत मुद्दलच १,४६,००० होते. घरांत बाप व मुलगा दोघे खाणारे असले तर त्याची दुप्पट. मिश्रीचा खर्च मीं यांत धरलेला नाहीं.

आणि हा केवळ खरेदीचा खर्च. रोग झाल्यावर जो लागतो तो वेगळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळें शस्त्रक्रियेचा व औषधांचा मोठा भार हलका होतो, हें खरें, आणि वाचकांनीं ती सवलत अवश्य घ्यावी. तथापि मुंबईच्या किंवा बार्शीच्या खेपा, सोबतच्या माणसाचें राहणें-जेवणें, बुडालेला हंगाम, दुसऱ्याकडून करवून घेतलेली नांगरट, यांचें बिल कोणतीही योजना देत नाहीं. सव्वा एकर तेथें जातें. सर्व देशाचा हिशेबही झालेला आहे. २०१७-१८ या वर्षीं पस्तिशीच्या पुढील माणसांचे तंबाखूजन्य आजार व अकालीं मृत्यु यांमुळें १,७७,३४१ कोटी रुपयांचें नुकसान झालें, असा अंदाज निघाला. आणि तंबाखूवरील उत्पादनशुल्काची सरकारची आदल्या वर्षाची जमा त्याच्या सुमारें अष्टमांश होती. ज्या खात्यांत जमा एक आणि खर्च आठ, तें खातें माझ्या मामलेदारांनीं तपासणींत एक दिवसही चालूं दिलें नसतें.

येथें कोणी म्हणेल, तंबाखू हें शेतकऱ्याचें पीकही आहे, त्याचें काय? निपाणीच्या आसपासच्या गांवांत पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकत आली. पण उत्पादकाच्या पदरीं त्यांतून काय पडतें, हें १९८१ च्या निपाणी आंदोलनानें जगास दाखविलें. भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर तेथें गोळीबार झाला आणि माणसें मेलीं. शिवाय ओलीं पानें हाताळणाऱ्या मजुरांच्या अंगांत कातडीवाटे निकोटीन जाऊन त्यांना मळमळ, वांति व घेरी येते, हेंही सिद्ध झालेलें आहे. पीक बदलावें कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या जमिनीचा व पाण्याचा प्रश्न आहे. त्यांत मी पडत नाहीं. पिकविणारानें निदान ती खाऊं नये.

मीं स्वतः पंचवीस वर्षें खाल्ली. चिठीवरची ती ओळ वाचल्यावर त्याच आठवड्यांत जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागांत गेलों. डाव्या गालांत चट्टा होताच. डॉक्टरीण बाई वयानें माझ्या मुलीएवढ्या; त्यांनीं मला माझींच तीन बोटें उभीं धरून तोंडांत घालावयास सांगितलीं. दोनच गेलीं. वाचकांनींही आरशासमोर हें करून पाहावें. तीन बोटें जात नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा किंवा तांबडा चट्टा असेल, अथवा तोंडांतला छाला पंधरा दिवसांत भरून येत नसेल, तर वैदूकडे किंवा देवऋष्याकडे न जातां थेट रुग्णालयांत जावें. हा रोग आरंभीं सांपडला तर बरा होतो.

सोडणें सोपें आहे, असें मी म्हणणार नाहीं. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. चिडचीड, डोकेदुखी, झोंप नाहीं, आणि पोट साफ होईना. तंबाखूनें कोठा साफ होतो म्हणतात, तें अगदींच खोटें नव्हे. निकोटीन आंतड्यांस चाळवितें. पण ती संवय मोडली कीं आंतडीं आपलें काम आपण करूं लागतात. तोंवर रात्रीं कोमट पाणी आणि भाजीभाकरी भरपूर ठेवावी. दोन ते चार आठवड्यांत ओढ पुष्कळ उतरते. हुक्की येते ती पांच-दहा मिनिटेंच टिकते; तेवढ्यांत मी उठून पाणी पीत असें, लवंग चघळीत असें, किंवा रेकॉर्डचे गठ्ठे लावीत असें. माझ्या कारकीर्दींत गठ्ठे इतके नीट पूर्वीं कधीं लागले नव्हते. एक चूक मात्र केली: तंबाखूऐवजीं सुपारी धरली. डॉक्टरीण बाईंनीं रागें भरल्यावर कळलें कीं नुसती सुपारीही कर्करोगकारक असून तोंड आंवळून टाकणारी तीच आहे. ज्यांस एकट्यानें जमत नाहीं, त्यांनीं सरकारच्या १८००-११-२३५६ या विनाशुल्क दूरध्वनीवर सल्ला घ्यावा. गरजेप्रमाणें निकोटीनचें च्युइंगगम वैद्यांच्या सल्ल्यानें वापरावें.

आतां वय झालें, सोडून काय उपयोग, असें म्हणणारांसाठीं एक आधार देतों. इंग्लंडांतील डॉक्टरांची पन्नास वर्षें चाललेली पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सिगारेट साठाव्या वर्षीं सोडणारांचें आयुष्य सुमारें तीन वर्षांनीं, पन्नासाव्या वर्षीं सोडणारांचें सहा वर्षांनीं आणि चाळिसाव्या वर्षीं सोडणारांचें नऊ वर्षांनीं वाढलेलें आढळलें. माझा चट्टा दीड वर्षांत नाहींसा झाला. तिसरें बोट अजून पुरतें जात नाहीं.

गेल्या हंगामांत आमच्या शेतावर मळणी झाली, तेव्हां जेवणानंतर गड्यांपुढें नेहमींची चंची न ठेवतां बडीशेप व गूळ ठेविला. एक म्हातारबोवा रुसले आणि चहा न घेतां गेले. बाकीचे हंसले. नंतर तिघे जण एकेकटे येऊन वरील दूरध्वनीचा आंकडा लिहून घेऊन गेले. त्यांतील दोघांनीं अद्याप हात लावलेला नाहीं. तिसऱ्यानें पुन्हां सुरू केली आहे. पण परवां बांधावर भेटला तेव्हां स्वतःहूनच म्हणाला कीं, ऊंस गेल्यावर आणखी एकदां पाहतों.