अडलं तर इंजिन बदला

भोपाळच्या अवधपुरीत, भेल कारखान्याच्या आसपासच्या बाकी वसाहतींप्रमाणेच, न्याहारीला पोहे-जिलेबी चालते. जिलेबीचं पीठ आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांत यीस्टही असतं. तिथल्या वैशाखातल्या उन्हात माणसाच्या अंगाची लाही होते. यीस्टच्या उघड्या पेशीचं तर काय होत असेल!

अतिनील किरणांनी डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. डीएनएची नक्कल करणारं नेहमीचं एन्झाइम तिथे अडतं. नक्कल अर्धवट राहिली तर पेशीचं मरणच.

दुरुस्तीची सोय यीस्टकडे भरपूर आहे. किरणांना लवकर बळी पडणाऱ्या वाणांवरून दुरुस्तीच्या जनुकांना ‘रॅड’ नाव पडलं. रॅड52 नसेल तर तुटलेले धागे नीट सांधले जात नाहीत. रॅड9 दुरुस्तीपुरतं विभाजन थोपवून धरतं, हे वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी 1988 मध्ये दाखवलं.

कोणतं जनुक किती मोलाचं, हे पाहायचा प्रयोग दिसायला साधा. यीस्टचं पाणी दसपट-दसपट पातळ करत अगारवर थेंब ठेवायचे, अतिनील दिवा दाखवायचा आणि बशी लगेच अंधारात ठेवायची. कारण यीस्टकडे साध्या उजेडावर चालणारं, चिकटलेले थायमिन सोडवणारं एन्झाइम आहे. उजेड लागला की निकाल बिघडतो. दोन-तीन दिवसांनी धडधाकट वाणाचे सायीच्या रंगाचे ठिपके ओळीने उठतात, रॅड18 गमावलेल्याची ओळ जवळजवळ कोरी.

हा रॅड18 काही दुरुस्त करत नाही, आणि मला त्याचंच कौतुक जास्त. रॅड6 च्या जोडीने तो डीएनएवरच्या पीसीएनए नावाच्या कड्याला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतो. मग नेहमीचं एन्झाइम बाजूला होतं आणि रॅड30 जनुकाचं ‘पॉलिमरेज ईटा’ हे एन्झाइम येतं. पूर्वी पंजाब मेलचं इंजिन इगतपुरीला बदलायचं, तसं. चिकटलेल्या थायमिनसमोर ईटा बिनचूक दोन ॲडेनिन बसवतं आणि निघून जातं. इजा तशीच राहते, नक्कल मात्र पुरी होते.

ईटाचं हे काम जॉन्सन, सत्य प्रकाश आणि लुईस प्रकाश यांनी 1999 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी माणसातलं तेच जनुक सापडलं. ते बिघडलं की झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराचा एक प्रकार होतो. या रुग्णांत इजा झालेला तुकडा कापून काढणारी दुरुस्ती शाबूत असते. तरी ईटाचं काम इतर, चुका करणाऱ्या एन्झाइमांवर पडतं, उत्परिवर्तनं साठत जातात आणि उन्हाने त्वचेचा कर्करोग होतो.