काळजी घेणे आणि काळजी करणे

मराठीत ‘काळजी’ या एकाच शब्दाला दोन क्रियापदे लागतात. काळजी घेतात आणि काळजी करतात. घेतलेली काळजी मुलाच्या अंगी लागते. वेळेवर टोचलेली लस, तापात कपाळावर ठेवलेली ओली घडी, दप्तरात आठवणीने घातलेली छत्री ही तिची रूपे. केलेली काळजी मात्र मुलापर्यंत पोचत नाही. ती आईच्या छातीत, पोटात आणि झोपेत साठत जाते. बाळंतपणापासून मूल हाताशी येईपर्यंत आयांना ग्रासणाऱ्या चिंतेचा विचार करताना हा भेद धरून ठेवावा लागतो. उपचार पहिली काळजी काढून घेत नाहीत, दुसरीचा भार हलका करतात.

चिंता हा मुळात दोष नाही. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग इशारा देतो. रक्तात अ‍ॅड्रेनालिन उतरते, हृदय धडधडते, श्वास उथळ होतो, पोटात गोळा येतो. बाळंतिणीची ही यंत्रणा अधिक तल्लख असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी १९५६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. आईचे सारे लक्ष बाळावर इतके एकवटते की एरवी कुणी तसे वागले तर त्याला आजारी म्हणावे लागेल. पण काही आठवड्यांत ती त्यातून आपसूक बाहेर येते. ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पनाही त्यांचीच. बाळाची प्रत्येक गरज क्षणात भागवणारी आई मुलाला लागत नाही. त्याच्या वाढीबरोबर हळूहळू थोडी वाट पाहायला लावणारी आईच त्याला जगाशी जुळवून घ्यायला शिकवते. प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावावी अशी ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांनी या हळव्या दिवसांची भीती ओळखली होती. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते असा समज. त्या रात्री पूजा मांडून बायका जागरण करीत. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की निम्म्याहून अधिक बाळंतिणींना तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास विनाकारण रडू येते, जीव घाबरा होतो, आणि दोन आठवड्यांत हे मळभ बहुधा निवळते. सटवाईवर श्रद्धा असो वा नसो, नेमक्या त्या रात्री बाळंतीण एकटी नसे, ही व्यवस्था शहाणपणाची होती.

दोन आठवडे उलटले तरी जीव टांगणीलाच असेल, तर मात्र लक्ष द्यावे लागते. बाळ शांत झोपलेले असतानाही आईला झोप लागत नाही. श्वास चालू आहे ना, हे ती रात्रीतून वीस वेळा पाहते. एकाच प्रश्नासाठी तीन डॉक्टर होतात. घास गिळवत नाही, चिडचिड होते, बाहेर पडणेच नको वाटते. अधूनमधून छातीत एकदम कळ येऊन, हातपाय गार पडून, आता आपण मरतो असे वाटण्याचा झटकाही येतो. असा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि मग ओसरतो. मात्र पहिल्या वेळी हृदयविकार नाही याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावीच.

सर्वांत अधिक लपवली जाते ती नको असलेल्या विचारांची पीडा. बाळ गॅलरीतून खाली पडेल, अंघोळ घालताना हातातून निसटेल, आपल्याच हातून त्याला काहीतरी होईल, असे चित्र डोळ्यांसमोर लख्खकन येते आणि आई हादरते. हे कुणाला सांगितले तर आपल्याला वेडे ठरवतील, या धास्तीने ती गप्प राहते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण हाच अनुभव सांगते. असे विचार नव्या आयांमध्ये सर्रास आढळतात. ज्या विचाराने आईला स्वतःलाच धडकी भरते, तो तिच्या इच्छेचा पुरावा नसतो. अतिदक्ष मेंदूने वाजवलेली ती चुकीची घंटा असते. नुसते एवढे समजले तरी पुष्कळ जणींचा निम्मा भार उतरतो. प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार याहून वेगळा. त्यात बाईला भास होतात, ती असंबद्ध बोलते, बाळाविषयी भलतेच काही खरे मानू लागते. हजारात एकदोन बाळंतिणींना तो होतो, आणि त्यात एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे लागते.

चिंता आणि नैराश्य बहुधा हातात हात घालून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत १५.६ टक्के गर्भवतींना आणि १९.८ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठतो. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्याचा विकार आढळला, आणि त्यांच्यापैकी ७८ टक्के जणींचे मन गरोदरपणातच अस्वस्थ होते. म्हणजे सोनोग्राफी आणि रक्ततपासणी चालू असताना हे कळू शकले असते. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि आधी मुलगी असताना पुन्हा मुलगीच होणे ही त्यातली ठळक कारणे होती. तिसऱ्या कारणापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. तो आजार आईच्या मनात नाही, तिच्या भोवतालच्या माणसांत आहे.

भोवतालाचा हा वाटा मीरा-भाईंदरमध्ये स्पष्ट दिसतो. मुंबईच्या उत्तर वेशीवर, वसईच्या खाडीच्या अलीकडे वसलेल्या या शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या घरात आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. दरम्यान २००२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. इतक्या झपाट्याने वाढलेल्या शहरात बहुसंख्य घरे बाहेरून आलेल्यांची असणार हे उघड आहे. कुणी गिरगाव-परळची चाळ सोडून आले, कुणी कोकणातून, कुणी राजस्थान-उत्तर प्रदेशातून. चाळीत रडणाऱ्या बाळाला उचलायला शेजारीण न बोलावता येत असे. दहाव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत दार बंद असते. सव्वा महिना माहेरी झाला की आई बाळाला घेऊन परतते, आणि दिवसभर त्या दोघांखेरीज घरात कुणी नसते.

मग रजा संपते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. परंतु छोट्या दुकानात वा घरकामावर असलेल्या किंवा घरबसल्या शिलाई करणाऱ्या बाईपर्यंत हा लाभ पोचत नाही. नोकरदार आईसाठीही खरी अडचण अंतराची आहे. भाईंदर ते चर्चगेट सुमारे ४३ किलोमीटर. विरारहून भरून आलेल्या गाडीत भाईंदर किंवा मीरा रोडला चढणे हीच एक लढाई. पाळणाघर सातला बंद होते आणि गाडी दोन स्थानकांच्या मध्येच उभी असते, तेव्हा पोटात येणारा गोळा काल्पनिक नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य आया रात्रभर मुलांपासून तुटल्या; त्या पिढीच्या मनातून ती रात्र अजून गेलेली नाही. याच शहरातल्या उत्तन-पालीच्या कोळीवाड्यांत काळजीला ऋतू आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात आणि घर निश्चिंत झोपते. एरवी वारा फिरला की आईचे डोळे समुद्राकडे लागतात.

अशा वेळी ‘काळजी करू नकोस’ हा सल्ला निरुपयोगी असतो. खऱ्या अडचणीवर आधी सोय शोधावी लागते. उशीर झाला तर मुलाला कोण आणेल, याचे उत्तर सोमवारी सकाळीच ठरलेले असेल, तर गाडीतली धाकधूक बरीच कमी होते. शेजारच्या ताई, मुलाच्या मित्राची आई, आणि अर्थातच मुलाचा बाप, यांची नावे पाळणाघराच्या वहीत असायला हवीत. तो वहीतला रकाना बहुतेकदा एकट्या आईच्या नावाने भरलेला असतो, आणि तिच्या आजाराचे निम्मे मूळ तिथेच असते.

सोय केल्यावर जी उरते ती केलेली काळजी. तिच्यासाठी विचारांवर काम करणारी पद्धत उपयोगी ठरली आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी माणसांपर्यंत कि. मो. फडके आणि १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी पोचवली. ‘मी वेळेवर पोचलेच पाहिजे, नाहीतर मी आई म्हणून नालायक’ या हट्टाच्या जागी ‘मी वेळेवर पोचावे अशी माझी फार इच्छा आहे, उशीर झाला तर वाईट वाटेल, पण मुलाची व्यवस्था आहे’ असे वाक्य घडवायला ती शिकवते. शब्दांची ही अदलाबदल वाटते तितकी सोपी नाही, सरावानेच जमते.

दुसरी गोष्ट खात्री करून घेण्याच्या सवयीची. पाळणाघरात तासातासाला फोन केला की क्षणभर बरे वाटते आणि पुढची शंका अधिक जोरात येते. म्हणून दोन फोनमधला काळ हळूहळू वाढवत, फोन दुपारी एकदाच, इथवर आणतात. काही जणींना दिवसातली वीस मिनिटे काळजीसाठी राखून ठेवणे मानवते. बाकीच्या वेळी आलेली शंका वहीत टिपायची आणि संध्याकाळी तिच्याकडे पाहायचे. धडधड वाढली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावावा. चारपाच मिनिटांत हृदयाची गती उतरते. आणि झोप. सलग चारपाच तास झोप मिळाल्याशिवाय यातले काहीच टिकत नाही, म्हणून रात्रीची एक पाळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घेणे हाच उपचाराचा भाग समजावा.

ऐकून घेणारे माणूस तज्ज्ञच असावे लागते असे नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने वस्तीतल्याच आयांना शिकवून ‘सखी’ म्हणून नैराश्य असलेल्या गर्भवतींच्या घरी पाठवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात आयांना काही प्रमाणात फायदा दिसला. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू केली, तिच्यासारख्या डब्यांत भाजी निवडत, मुलांच्या परीक्षांविषयी बोलत वर्षानुवर्षे एकत्र जाणाऱ्या बायका हेच काम नाव न देता करत आल्या आहेत. बाळंतपणानंतर पहिल्या ४२ दिवसांत घरी सहा वेळा येणाऱ्या आरोग्यसेविका आशाताईंनी बाळाच्या वजनाबरोबर ‘तुला झोप लागते का’ हेही विचारावे.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर. आधी रक्त तपासतात, कारण पंडुरोग आणि प्रसूतीनंतर बिघडलेले थायरॉइड यांनीही धडधड आणि थकवा येतो. मग समुपदेशन, आणि गरज पडल्यास औषध. सर्ट्रालिनसारख्या गोळ्या दुधात अत्यल्प उतरतात, त्यामुळे स्तनपान चालू ठेवून त्या देता येतात. त्या आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत, आणि झोपेच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून चोवीस तास मोफत बोलता येते.

दाखल व्हावे लागले तर बाळ हिरावून घेतील, ही भीती अनेकींना उपचारापासून दूर ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करू नये असे सांगितले आहे. मुलाला धोका असेल तरच ते तात्पुरते करता येते, तेव्हाही देखरेखीखाली तिला मूल भेटत राहते, आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो.